बोटीवरची आजी

माझ्या सासूबाईंना एक खापरपणजी आहे. खरं तर ‘होती’ म्हणायला हवं, कारण बाई जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. पण सासूबाईंच्या बोलण्यात ती अजून या खोलीतून त्या खोलीत जात-येत असते. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्यांनी माझी तिच्याशी ओळख करून दिली. फोटो नव्हता, तो कुणाकडेच नाही. त्यांनी मान वर केली, स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही तिची."

मी ती हनुवटी नीट पाहून घेतली. हिच्याशी आपली जन्माची गाठ आहे, हे तेव्हाच कळलं.

सासूबाईंचं माहेर विस्कॉन्सिनचं, लेक मिशिगनच्या पलीकडच्या काठावरचं. तिथल्या एका पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वालून लोकांची वस्ती आहे. वालून म्हणजे बेल्जियमच्या दक्षिण भागातले, फ्रेंचच्या नात्यातली पण आपली वेगळी बोली बोलणारे. (‘फ्रेंच’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. नागपूरकराला पुणेकर म्हणून बघा, म्हणजे कल्पना येईल.) तर ही खापरपणजी तिकडून बोटीने आली, मांडीवर एक लहान मुलगा घेऊन. जंगल तोडून शेत केलं. पुढे एका कोरड्या वर्षी सगळ्या मुलखात वणवा पेटला, तेव्हा तिने मुलाला ओल्या घोंगडीत गुंडाळून विहिरीत सोडलं आणि स्वतः काठावर उभी राहून भिजवलेल्या पोत्याने ठिणग्या झोडपत राहिली. तो मुलगा सासूबाईंचा पणजोबा. त्याच्यापासून सगळं कूळ. मी मनातल्या मनात तिचं नाव ‘बोटीवरची आजी’ ठेवलं होतं, आणि आमच्या घरात कुणी हट्टाला पेटलं की मी नुसती विहिरीची आठवण करून देत असे.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला, राहायला आल्या. त्यांना हाक काय मारायची, हा माझा जुना प्रश्न. इथे सुना सासूला खुशाल नावाने हाक मारतात. माझी जीभ रेटली नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी त्यांना काहीच म्हणत नव्हते. खाकरायचे, किंवा समोर जाऊन उभी राहायचे. शेवटी मुलगी म्हणते तसं ‘ग्रॅन्डमा’ म्हणायला लागले. त्यांचं बोलणं अर्थातच इंग्रजी, पण माझ्या कानात ते मराठी होऊनच शिरतं. माझ्या कानात त्या मला ‘अगं’ म्हणतात आणि मी त्यांना ‘अहो’.

मुलीचंही सांगून टाकते. माझ्या नवऱ्याची पहिली बायको आजारात गेली तेव्हा मुलगी रांगत होती. मी घरात आले तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मला बघून कोचाखाली शिरली होती. आता वीस वर्षांची आहे, तीन तासांवरच्या कॉलेजात शिकते, सुटीला घरी येते, पोहे खाते, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. फोटोतल्या आईला ती मॉम म्हणते आणि मला आई. दोन भाषा असण्याचा एवढा चांगला उपयोग मला दुसऱ्या कुठल्याही घरात दिसलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली की माहेरच्या शेतातलं चॅपल दुरुस्त झालं. त्या भागात रस्त्याच्या कडेला, शेतांच्या बांधावर अशी चॅपलं असतात. आपल्याकडे म्हसोबाचं देऊळ असतं तेवढीच. चौघं आत गेली की पाचव्याने बाहेरून नमस्कार करायचा. सगळ्या भाऊबंदांनी मिळून त्याचं छप्पर बदललं होतं आणि सप्टेंबरात, केर्मिसच्या म्हणजे सुगीच्या जत्रेच्या दिवशी, आत एक कोरीव दगड बसवायचा होता. त्यावर कुळाच्या मूळ आईचं नाव. सासूबाईंना नाव तोंडपाठ होतं. त्यांनी फोनवरच स्पेलिंग सांगायला सुरुवात केली.

पण मध्ये चुलतभाऊ आडवे आले. हे सासूबाईंचे धाकटे चुलतभाऊ, विस्कॉन्सिनमधले निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर लोकांच्या दातांची मुळं उपटली, आता घराण्याची खणायला बसलेत. ते म्हणाले, दगडावर एकदा कोरलं की कोरलं. आधी तिकडच्या चर्चच्या जुन्या वह्या बघून घेऊ. त्या आता घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसतात.

त्यामुळे फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ आणि बसस्टॉपवर कुडकुडणारे विद्यार्थी असताना, आमच्या जेवणाच्या टेबलावर एक बेल्जियन खेडं येऊन बसलं. सासूबाईंना बालपणीची वालून येत होती ती फक्त पदार्थांची नावं आणि शिव्या एवढीच. वह्या फ्रेंचमध्ये, आणि पाद्र्याचं अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं. मी अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं. पुण्यात सगळे घेतात, मार्क पडतात म्हणून. ते मार्क पुढे सासूच्या पूर्वजांवर खर्च होतील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी संस्कृत घेतलं असतं.

मुलाचा बाप्तिस्मा सापडला. गाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, मुलाचं बरोबर. आईचं नाव भलतंच.

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नाव तेच राहिलं. ते बोटीवरच्या आजीचं नव्हतं. पण विस्कॉन्सिनमध्ये याच मुलाचं लग्न झालं, त्या चर्चच्या वहीत त्याची आई म्हणून बोटीवरच्या आजीचंच नाव होतं. शिवाय त्याच्या थडग्यावरच्या वयाने हिशेब केला तर तो या बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेला निघत होता. शिरगणतीची पानं काढली, तर दर दहा वर्षांनी होणाऱ्या शिरगणतीत हा गृहस्थ एकदा सातच वर्षांनी म्हातारा झालेला.

इथे मी तोंड उघडलं. आमच्याकडचा अनुभव पाठीशी असला की माणसाला वाटतं सगळं जग आपल्याच गल्लीत राहतं. मी म्हटलं, "ग्रॅन्डमा, यात काय कठीण आहे? बाई एकच. लग्नात नाव बदललं." आणि मग मी त्यांना माझ्या आजीची गोष्ट सांगितली. माहेरी तिचं एक नाव होतं. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरं नाव लिहिलं. ते नाव सासऱ्यांच्या आत्याचंही निघालं, म्हणून घरात तिला तिसऱ्याच नावाने हाक मारायचे. तिच्या माहेरच्या भटजींना विचारलं असतं तर त्यांनी एक सांगितलं असतं, रेशनकार्डाने दुसरं. बाई तीच, लाडू तेच. तसंच हे: गावचा पाद्री हिला लहानपणापासून ओळखणारा, त्याने माहेरचं नाव लिहिलं, अमेरिकेतल्याने सासरचं.

सासूबाईंचा चेहरा उजळला. "हे त्या दातवाल्याला सुचलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि लगेच बसून त्यांनी चुलतभावाला एवढं लांब ईमेल लिहिलं की त्यात तांदूळ, अंगठी, माझी आजी सगळं आलं. खाली माझी पदवीही लिहिली. मी संख्याशास्त्रात पीएचडी आहे. तिचा या प्रश्नाशी काही संबंध नाही, पण सासूबाईंना वाटलं वजन पडेल.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. अतिशय सभ्य होतं, म्हणून जास्त लागलं. ‘तुझ्या सुनेच्या आजीबद्दल वाचून आनंद झाला,’ असं सुरुवातीला होतं. पुढे लिहिलं होतं की वालून बायका लग्नानंतर नाव बदलत नसत. पहिलंही नाही, आडनावही नाही. जन्मल्या त्याच नावाने लग्न, त्याच नावाने मुलं, त्याच नावाने थडगं. तेव्हा नावं दोन म्हणजे बायका दोन. आणि सोबत आणखी दोन पानं जोडली होती.

पहिल्या पानावर बाप्तिस्म्यातल्या त्या आईचं दफन होतं. बाळ काही आठवड्यांचं असतानाच ती गेली होती. दुसऱ्या पानावर, साधारण वर्षभरानंतर, त्या बापाचं दुसरं लग्न, बोटीवरच्या आजीशी. आणि लग्नाच्या नोंदीत पाद्र्याने लिहिलं होतं की बिशपची खास परवानगी घेतली आहे, कारण नवरी ही मयत बायकोची सख्खी धाकटी बहीण आहे.

म्हणजे थोरली आणि धाकटी. मेव्हणीशी लग्न.

मला या गोष्टीचं काहीच वाटलं नाही. आमच्या नात्यात अशी दोन लग्नं आहेत आणि कुणी बिशपला विचारलेलं नाही. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी माझ्या आईला सगळं सांगितलं, तर नाशिकहून ती पटकन म्हणाली, "मग बरोबरच आहे, माय मरो पण मावशी जगो!" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. मी भाषांतर केलं. इंग्रजीत ते खुनाच्या धमकीसारखं ऐकू आलं. सासूबाईंनी माझ्या आईकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि कॉल संपेपर्यंत त्या फक्त हवामानाबद्दल बोलल्या.

पण त्यांना बसलेला धक्का थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. बाप्तिस्म्यातलं ते बाळच मोठं होऊन त्यांचा पणजोबा झालं असेल, तर त्यांचं रक्त थोरलीचं. ती कुठल्याशा चर्चच्या अंगणात मातीत गेलेली, तिच्याबद्दल घरात कुणी एक शब्द बोललेलं नाही. मग बोटीवरची आजी त्यांची आजीच नाही, आजीची बहीण. विहीर, ओली घोंगडी, हनुवटी, सगळं दुसऱ्याचं. ऐंशीच्या घरातल्या बाईकडून तिची आजी काढून घ्यायची, ही लहान गोष्ट नाही.

यातून सुटायची एकच वाट होती आणि ती सासूबाईंनी आठवडाभरात शोधली. त्या काळी तिकडे एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. समजा, थोरलीचं बाळ आईपाठोपाठ गेलं. दोन वर्षांनी धाकटीला मुलगा झाला, त्याला तेच नाव दिलं. मग थडग्यावरचं वय जुळतं, लग्नाच्या वहीतली आई जुळते, हनुवटी जागेवर राहते. फक्त धाकटीच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडत नव्हता. त्या वर्षांची वही ओल लागून चिकटलेली होती. दंतवैद्यांचं म्हणणं उलट: मूल एकच, वयं अमेरिकेत येऊन सगळेच अंदाजे सांगायचे, आणि ज्या बाईने वाढवलं तिलाच माणूस आई म्हणतो. दोन्ही बाजूंना सारखाच पुरावा, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. संख्याशास्त्राची मदत मागितली तेव्हा मी सांगितलं, नाणं उडवा.

मधल्या काळात एकदा त्यांनी भांडी पुसता पुसता मला विचारलं, "अगं, तुमच्याकडे दुसरेपणाच्या बायकोचं काय असतं?" अमेरिकेत असा प्रश्न कुणी विचारत नाही, पण सासू ती सासूच. मी हात पुसले आणि त्यांना स्वयंपाकघरातल्या कपाटातल्या माझ्या देवघरापाशी नेलं. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि त्यांच्या शेजारी एक छोटा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई.

"ही देवी ना? हिला मी रोज गुड मॉर्निंग म्हणते," सासूबाई म्हणाल्या.

मी सांगितलं, देवी नाही. हा टाक. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने आधीच्या बायकोचा टाक करायचा, गळ्यात घालायचा नाहीतर देवात ठेवायचा, सणाला तिला आधी हळदकुंकू लावायचं, मग स्वतःला. माझं लग्न ठरलं तेव्हा आईने नाशिकच्या सराफाकडून हा करून आणला. मी तेव्हा खूप चिडले होते. ‘अगं, ती मिशिगनची होती, बर्फात स्की करायची, तिला हळदकुंकू काय करायचंय?’ आई म्हणाली, ‘तिला नसेल करायचं, तुला करायचंय.’ तेव्हापासून ती आमच्याबरोबर आहे. दिवाळीत तिला करंजी मिळते.

सासूबाईंनी टाक तळहातावर घेतला. त्यांची ही पहिली सून. त्यांची फार लाडकी होती, हे मला कुणी न सांगता माहीत होतं. चष्मा सारखा करून तो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "नाक चुकलंय," आणि टाक होता तिथे नीट ठेवला. नंतर त्या आपल्या खोलीत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मला वाटलं, आता बाई निवळल्या. कसलं काय. उन्हाळा सुरू झाला आणि त्या नव्या दमाने शोधाला लागल्या. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती: बाळाचं दफन. आई गेलेलं तान्हं बाळ कुठे ठेवलं असेल? दूध पाजणारी बाई जिथे मिळेल तिथे, आजूबाजूच्या गावात. म्हणून त्या एकेका शेजारगावच्या दफनाच्या वह्या वाचू लागल्या. बागेत खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप, शेजारी आइस्ड टी. रस्त्यावरून सायकली चाललेल्या असायच्या आणि आमच्या ग्रॅन्डमा गेलेली बाळं वाचत बसायच्या. तिथे बाळं फार जायची. मी पलीकडे टोमॅटोला पाणी घालत असले की मला त्यांची पुटपुट ऐकू यायची: हे नाही, हेही नाही.

मला ते आवडत नव्हतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लेट हर बी, छंद आहे तिचा." नवऱ्यांची हीच एक पद्धत सगळ्या देशांत आहे.

मुलगी घरी आली होती त्या रविवारी ते घडलं. ती टेबलाशी पोहे खात होती, मी तिच्यासाठी पुन्हा शेंगदाणे तळत होते. सासूबाई समोर लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. एकदम त्यांनी टेबलावर हात मारला. "सापडलं! अगं, सापडलं! मेलं बिचारं!"

त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता.

मुलीने चमचा खाली ठेवला. "ग्रॅन्डमा, व्हाय आर यू हॅपी?"

तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. ती रागावली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. पण तिचा तो चेहरा मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. मला राग आला की मराठीच येते, त्याला इलाज नाही. मी झारा हातात धरून म्हणाले, "अहो, कुणाचं तरी तान्हं बाळ मेलं म्हणून टेबलं काय बडवताय? सहा महिने देवाकडे हेच मागताय, की ते पोर मेलेलं असू दे! का, तर तुमची हनुवटी जाऊ नये! आईवेगळं पोर जगतच नाही का? मावशीने, दुसरीने, कुणी वाढवलंच नाही का कधी? मग ही समोर बसून पोहे खातेय ती कोण आहे?"

शेंगदाणे करपले. सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने क्षणभर विचार केला आणि माझ्या सगळ्या भाषणाचं भाषांतर केलं: "आई थिंक्स यू आर बीइंग मीन टु द बेबी."

मी गॅस बंद केला. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मी त्या बाळासाठी भांडत होते तेवढीच स्वतःसाठीही भांडत होते, हे तिघींनाही कळलं असावं. सासूबाई पुन्हा पडद्याकडे वळल्या, पान मोठं केलं, आणि थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आपलं नाही. मुलगी आहे ही. दुसऱ्या घरची." मग त्यांनी लॅपटॉप मिटला. करपलेल्यातले बरे शेंगदाणे त्यांनी स्वतः निवडून नातीच्या ताटात घातले. त्या दिवसापासून बागेतली खुर्ची रिकामी राहू लागली. विषय कुणी काढला नाही.

सप्टेंबरात आम्ही शिकागोवरून तळ्याला वळसा घालून विस्कॉन्सिनला गेलो. गाडीत सासूबाई पुढे बसल्या आणि नवऱ्याच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत राहिल्या, म्हणून मला जरा बरं वाटलं. केर्मिस जोरात होतं. मोठमोठ्या हंड्यांतून बूया शिजत होता. हे कोंबडीचं दाट सूप, भंडाऱ्यातल्या आमटीसारखं वल्ह्याने ढवळतात, आणि वल्हं कुणाच्या हाती द्यायचं यावरून तिथेही तशीच भांडणं होतात. सुक्या आलुबुखाराचं सारण भरलेल्या पायसाठी लागलेली रांग शेताच्या टोकापर्यंत गेली होती. नवरा आणि मुलगी तिकडे पळाले.

दंतवैद्य आमची वाट बघत चॅपलच्या दाराशी उभे होते. उंच, वाकलेला, फार चांगल्या दातांचा म्हातारा. आम्ही तिघं आत शिरलो आणि चॅपल भरलं. समोर दगड तयार होता, वरची ओळ कोरलेली, खाली नावासाठी जागा मोकळी. कोरणारा माणूस बाहेर सूप पीत बसला होता.

त्यांनी घसा साफ केला. "हे बघ, माझं चुकलंही असेल," ते सासूबाईंना म्हणाले. "एका गावाची दफनाची वही अजून बघायची राहिलीय. तिथले पाद्री स्कॅन करून पाठवायला तयार आहेत. त्यात ते बाळ असेल, तर तुझंच बरोबर ठरेल. आपण थांबूया. दगड काय, पुढच्या वर्षी लावता येईल."

त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. मी दगडाकडे पाहत राहिले.

"नको," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण तुझ्या बाजूचा पुरावा..."

"माझ्या बाजूचा पुरावा म्हणजे ते बाळ मेलेलं निघणं. मी पूर्ण उन्हाळा ते शोधत होते. मला लाज वाटत नव्हती, इतकी मी गुंतले होते." त्यांनी दगडावरच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं. "इथे थोरलीचं नाव लिही. तिला या घरात कुणी कधी ओळखलंच नाही. विशीतली पोर असेल, बाळाला टाकून गेली. तिच्याखाली धाकटीचं लिही. दोघींपुढे ‘आई’ लिही."

"दोन आया? लोक विचारतील."

"विचारू देत. माझी सून समजावून सांगेल. तिला भाषण द्यायला आवडतं."

दंतवैद्य हसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, पुराव्याचा माणूस. "म्हणजे बोटीवरची ती तुझी खरी खापरपणजी नाही, हे तुला मान्य आहे? आणि ती हनुवटी?"

"हनुवटी माझी स्वतःची आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि ती वर केली.

बाहेर मुलगी पायची ताटली घेऊन आली होती. आत जागा नव्हती म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून ती मला खुणेने विचारत होती, तुझ्यासाठी ठेवू का? सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोळे पुसत होते.

दंतवैद्यांनी अजून एकदा विचारलंच. "आणि समजा, त्या पाद्र्याने आपणहून ते पान पाठवलं, तर?"

"तर उघडायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पोरगा जगला. मावशीने त्याला जगवला, समुद्र ओलांडून आणला, विहिरीत लपवून वाचवला. आता एका पानासाठी तू त्याला मारू नकोस."